पावणेदोनची चिठ्ठी

“शालन, जरा खाली ये. लवकर ये.”

मिस्टर टिबटचा आवाज जिन्यातून वर आला, तेव्हा मी बाईंच्या पहिल्या अंकातल्या ब्लाउजच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत होते. टिबट म्हणजे आमच्या थिएटरच्या मागच्या दारावरचा माणूस. नटनट्या, सामानवाले, पत्रं, फुलं, फोन, जे काही आत यायचं ते त्याच्या खिडकीवरून यायचं. या बाबाने मला तोवर एकदाही हाक मारली नव्हती. काही हवं असलं तर नुसता खाकरायचा. त्यामुळे मी इस्त्री उभी केली आणि तीन मजले धावत खाली गेले.

तो फोन ठेवत होता. पुढ्यातल्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात त्याने वेळ लिहिली, तशी तो प्रत्येक चिठ्ठीवर लिहायचा, आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवली.

“वाच,” तो म्हणाला. “पत्र असतं तर वाच म्हणालो नसतो. हे तुला माहीत असलेलं बरं.”

मी वाचली. ‘मिस विनिफ्रेड ऑल्डन यांस. आपली मुलगी ज्युडिथ सकाळी स्टेशनवर कोसळली. मेंदूत रक्तस्राव. सध्या शुद्धीवर आहे, आईला बोलावते आहे. ताबडतोब यावे.’ खाली हॉस्पिटलचं नाव, वॉर्डचा नंबर. कोपऱ्यात टिबटच्या बारीक अक्षरात, पावणेदोन.

“नदीपलीकडे आहे,” टिबट म्हणाला. “टॅक्सीने पंचवीस मिनिटं. आणि हाफला अजून दहा मिनिटं आहेत, शालन. हाफच्या आत आलीय. म्हणजे द्यायची.”

हे हाफचं प्रकरण आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. तिकडे नाटकाआधी अर्ध्या तासाची हाक होते, तिला हाफ म्हणतात. म्हणायचा अर्धा तास आणि धरायची पस्तीस मिनिटं, अशी त्यांची रीत. अडीचचा खेळ असला की एक पंचावन्नला हाफ. ती हाक व्हायच्या आत प्रत्येक नटाने इमारतीत पाऊल टाकलेलं असलंच पाहिजे. आणि एकदा का हाक झाली की पडदा पडेपर्यंत बाहेरची कुठलीही बातमी आत जायची नाही. घर जळो, कुणी मरो, टिबट चिठ्ठ्या खणात ठेवणार आणि पडदा पडला की देणार. याला कुणी दुष्टपणा म्हणत नसे. उलट नटच सांगून ठेवायचे, बाबा रे, मध्येच कळवू नकोस, उभं कसं राहायचं मग? पण हाफच्या आत आलेली चिठ्ठी नटाच्या हातात पडलीच पाहिजे, हेही तितकंच पक्कं. कारण तोवर नटाला जाता येतं. बदलीची नटी वरच्या मजल्यावर पाठांतर करून बसलेली असते, तिला उभी करता येते.

“देते,” मी म्हणाले. चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात घातली आणि जिना चढायला लागले. खाली येताना धावले होते, वर जाताना मात्र एकेक पायरी चढले.

मी कोण, तर शालन खराडे, सोलापूरची. वडील गिरणीत मागावर होते. लग्नानंतर बासष्ट साली आमच्या ह्यांच्या मागोमाग लंडनला गेले. हे बसच्या डेपोत आणि मी नाटकाचे कपडे शिवणाऱ्या एका दुकानात. तिथून मला बाईंनी उचललं, ड्रेसर म्हणून. ड्रेसर म्हणजे नटीला कपडे चढवणारी, उतरवणारी, चहा देणारी, बोलणी खाणारी आणि तोंड बंद ठेवणारी बाई. तोंडावर मी त्यांना मॅडम म्हणायचे, मनात बाई. आमचं बोलणं सगळं इंग्रजीत, माझं मोडकं आणि त्यांचं घोटीव. पण चाळीस वर्षं झाली, आता मला ते मराठीतच ऐकू येतं. तसंच सांगते.

बाई म्हणजे मिस विनिफ्रेड ऑल्डन. तुम्हाला नाव माहीत असायचं कारण नाही, तिकडेही आता कुणाला आठवत नाही. लँकशायरमधल्या गिरणगावातली, मागवालीची पोर. म्हणून तर आमचं जमलं. तिच्या आईला मागाच्या खडखडाटात ऐकू यायचं नाही, म्हणून ओठ ताणून ताणून बोलायची. माझे वडीलही घरी तसेच बोलायचे, समोर बसलेल्या माणसाशीसुद्धा. पंधराव्या वर्षी बाई घरातून पळाल्या त्या एका फिरत्या कंपनीत. दर आठवड्याला नवं नाटक. सकाळी पुढच्याचं पाठांतर, रात्री चालू नाटकाचे दोन खेळ. गिरणीची बोली तोंडातून जावी म्हणून दातांत बाटलीचं बूच धरून तीन वर्षं स्वर घोटले. सव्विसाव्या वर्षी लंडन. मग पंधरा वर्षं काही विचारू नका. सरदारणी काय, राजदूतांच्या बायका काय, दारात फुलांचे ढीग काय.

आणि मग वारं फिरलं. नवे लेखक आले. त्यांना रंगमंचावर स्वयंपाकघर हवं, मोरी हवी, गिरणीतली माणसं आणि त्यांची बोली हवी. बाई गेल्या की वाचून दाखवायला! ऐकून ते म्हणाले, नक्कल छान करता, पण खरं वाटत नाही.

“माझ्या आईची भाषा, शालन,” बाई सांगायच्या. “आणि मला म्हणतात नक्कल!” असं म्हणून हसायच्या. ते हसणं मला कधी आवडलं नाही.

तेव्हापासून उतरती कळा. समुद्रकाठच्या गावांतले उन्हाळी खेळ, नाताळातली पोरांची नाटकं, लंडनमध्ये मिळालीच तर मोलकरणीची तीन वाक्यं. मी त्यांच्याकडे आले ती या पडत्या काळात. आणि चौऱ्याहत्तर साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, बाईंना ही भूमिका मिळाली. एका न्यायाधीशाची विधवा. दोन अंक, दोन्ही अंकभर रंगमंचावर त्याच. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. त्या शनिवारी दुपारी तर एका मोठ्या थिएटरचा मालक खेळ बघायला येणार होता. त्याला आवडलं असतं तर नाटक तिकडे गेलं असतं, बाईंचं नाव पुन्हा दिव्यांत लागलं असतं.

जिना चढताना मी स्वतःला हेच बजावत होते. आज नको. नऊ वर्षं मी या बाईला पडताना पाहिलंय, आज नको. कुणी मला तिथेच अडवून विचारलं असतं, शालन, खिशात काय आहे आणि का आहे, तर मी हेच कारण सांगितलं असतं.

खोलीत गेले तर बाई आरशापुढे बसून भुवया काढत होत्या. खुशीत होत्या.

“काय म्हणतोय टिबट?”

“काही नाही, मॅडम. लॉन्ड्रीच्या गठ्ठ्याचं विचारत होता.”

“शनिवारी?”

“त्याला काय, वार कळतोय थोडाच.”

बाई हसल्या. आरशाच्या चौकटीत एक कार्ड खोचलेलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी आलेलं. ज्युडिथचं. ही बाईंची एकुलती एक लेक, आजीकडे वाढलेली, तिकडे गावातच शाळेत शिकवायची. तेरा वर्षांत आईला तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं. कारण? सांगते की. लेकीचं लग्न शनिवारी होतं आणि शनिवारी दोन खेळ. बाईंनी चांदीचा टी-सेट पाठवला, स्वतः गेल्या नाहीत. आणि तेव्हा काम कोणतं करत होत्या? मोलकरणीचं. तीन वाक्यांचं! लेकीने चांदी आल्या पोस्टाने परत केली. आता तेरा वर्षांनी हे कार्ड आलं होतं, त्यावर दोनच ओळी. ‘नाटकाबद्दल वाचलं. एकदा येऊन बघेन म्हणते. मला शोधू नकोस.’

शोधू नकोस म्हटल्यावर कुठली आई शोधणार नाही? तेव्हापासून प्रत्येक दुपारच्या खेळाला बाई मला पडद्याच्या फटीतून बघायला पाठवायच्या.

“आज नीट बघ,” त्या म्हणाल्या. “शाळा असते तिला, शनिवारशिवाय कशी येणार? माझी हनुवटी आहे तिला. उंच आहे. एकटीच येईल.”

“बघते, मॅडम.”

“आणि दिसली तर मला सांगू नकोस. खेळ झाल्यावर सांग.”

माझा हात खिशात होता. कागदाची कड बोटांना लागत होती. एवढं सोपं होतं, बाहेर काढायचा आणि पुढे धरायचा. मी ब्लाउज उचलला, बाहीची घडी मोडली, पुन्हा घातली. तेवढ्यात भिंतीवरचा स्पीकर खरखरला आणि स्टेज मॅनेजरचा आवाज आला, “लेडीज अँड जंटलमेन, हाफ, प्लीज.”

झालं. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. आता रिवाज माझ्या बाजूचा झाला होता.

पहिला अंक मी विंगेत उभी राहून बघितला. बाई त्या दुपारी काय काम करत होत्या म्हणून सांगू! दुपारच्या खेळाला म्हाताऱ्याकोताऱ्या येतात, टॉफीचे कागद चुरचुरवतात, निम्म्या झोपतात. त्या दिवशी चिटपाखरू हललं नाही. एका ठिकाणी बाईंना मोकळ्या खोलीत उभं राहून नुसतं हातमोजे काढायचे होते, शब्द एकही नाही. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई हुंदका दाबत उठून बाहेर गेली. मी खिशात हात घालून उभी. डोळ्यांत पाणी येत होतं आणि स्वतःला दोन थोबाडीत मारून घ्याव्यात असंही वाटत होतं.

मध्यंतर झालं तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. खोलीत येऊन बाईंनी ओठांचा रंग उतरू नये म्हणून रोजच्यासारखा नळीने चहा घेतला.

“आहे का गं ती?” त्यांनी विचारलं. पुन्हा स्वतःच हात हलवला. “नको, सांगू नकोस. मला वाटतंय, आहे. आज मी तिच्यासाठीच काम केलं. तुला सांगू? आज मला भीतीच वाटत नाहीये. नाहीतर जन्मभर वाटली.”

“चहा गार होईल, मॅडम.”

“तुझा चेहरा का असा?”

“डोकं दुखतंय.”

“गोळी घे माझ्या डब्यातली.”

माझे वडील गेले त्याची तार मला लंडनला पाचव्या दिवशी मिळाली होती. कुणी दहा मिनिटं आधी सांगितलं असतं तरी काय होणार होतं, सात समुद्र पलीकडे? तरी पोस्टातल्या त्या अनोळखी माणसांना मी किती शिव्याशाप दिले होते. आणि आता हातात तार घेऊन मी एका आईसमोर उभी होते आणि तिला म्हणत होते, चहा गार होईल. द्यावी का आता? हाफ होऊन गेला होता, आता दिली असती तर तो गुन्हाच ठरला असता. असं मी मनाला सांगितलं. मन काय, सांगाल ते ऐकतं.

पडदा पाचला पडला. बाईंना सहा वेळा बाहेर जाऊन वाकावं लागलं. त्या खोलीत आल्या, गाल लाल झालेले, आणि दारातच म्हणाल्या, “आता सांग. होती ना?”

मी चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी वाचली. एकदाच वाचली. मग कोपऱ्यात बघितलं. तिथे त्यांची नजर थांबली. तोंडावरचा रंग न पुसता, विधवेच्या काळ्या पोशाखावरच कोट चढवला आणि निघाल्या. मी मागोमाग जिन्यापर्यंत गेले.

“मी येते, मॅडम.”

“नको,” त्या म्हणाल्या.

पुढचा दीडएक तास मी त्या खोलीत काढला. पावडर झटकली, ब्रश धुतले, धुतलेले पुन्हा धुतले. सहाच्या सुमाराला टिबट वर आला. तीन मजले चढून तो कधी येत नसे, गुडघे गेलेले त्याचे. दारात उभा राहून धापा टाकत म्हणाला, “तू दिलीस ना गं तिला? खेळाआधी मला खालून जाताना दिसली नाही म्हणून वाटलं, तिनेच ठरवलं असेल राहायचं. ती काय, राहील म्हटलं.”

मी मान खाली घातली. त्याला कळलं. म्हातारा कठडा धरून खाली उतरून गेला.

सहा चाळीसला बाई परत आल्या. साडेसातचा खेळ होता, म्हणजे हाफच्या आतच. स्टेज मॅनेजर त्यांच्या मागून आला होता, टॅक्सीच्या दारापासूनच असावा. चांगला माणूस होता बिचारा.

“मिस ऑल्डन, बदलीची मुलगी कपडे करते आहे. तुम्ही घरी जा. कुणीही काही म्हणणार नाही.”

“तिला कपडे उतरवायला सांग,” बाई म्हणाल्या. “मी करते आहे.”

“पण—”

“घरी कोण आहे माझ्या? जा तू.”

तो गेला. बाई आरशापुढे बसल्या. कोट अंगावरच. तोंडावरचा दुपारचा रंग ठिकठिकाणी उतरला होता. मला वाटलं होतं, रडतील, ओरडतील, ब्रशाचा डबा माझ्या अंगावर फेकतील. त्याची मी तयारीही केली होती.

“पावणेचारला गेली,” त्या म्हणाल्या. “आपण चहा घेत होतो तेव्हा.”

मी कोट घ्यायला पुढे झाले, त्यांनी हातानेच थांबवलं.

“तीनपर्यंत शुद्धीवर होती. बोलत होती. नर्सला म्हणाली, आई येईल तेव्हा मला उठवा. तिच्या पर्समध्ये आजच्या दुपारचं तिकीट होतं. पर्स दिली मला त्यांनी.” बाईंनी हातमोजे काढले आणि टेबलावर ठेवले. “मी दोनच्या आत निघाले असते तर अडीचच्या आत पोचले असते. अर्धा तास मिळाला असता. तेरा वर्षांचं अर्ध्या तासात बोलून होतं का गं? होत असेल. काय बोलायचं होतं एवढं?”

“मॅडम, मला—”

“थांब. एकच विचारते. चिठ्ठीवर पावणेदोन लिहिलंय. टिबटची वेळ कधी चुकत नाही. का दिली नाहीस?”

मी घडवून ठेवलेलं उत्तर दिलं. “तो मालक येणार होता बघायला. इतक्या वर्षांनी एवढं चांगलं काम मिळालं, मला वाटलं, तुम्ही वाचाल आणि निघून जाल, आणि सगळं हातचं—”

“खोटं बोलू नकोस.” आवाज चढला नाही त्यांचा. “सेहेचाळीस वर्षं मी याच धंद्यात काढली. खोटं बोललेलं मला लगेच ऐकू येतं. का दिली नाहीस?”

आता इथे मला गप्प बसता आलं असतं. तेच खोटं दुसऱ्यांदा नीट बोलता आलं असतं. रडून पाय धरता आले असते, ते तर आपल्याकडे सगळ्यांना येतं. पण त्या आरशातून माझ्याकडे अशा बघत होत्या की माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं.

“तुम्ही जाणार नाही म्हणून,” मी म्हणाले.

बाईंनी हातमोजे उचलले आणि पुन्हा ठेवले.

“तुम्हीच सांगितलं होतं मला,” मी म्हणाले. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. “तुम्ही लीड्सला खेळ करत होतात, तिथे तुमची आई गेल्याची तार दुपारच्या खेळाआधी आली. तुम्ही वाचलीत, पावडरच्या डब्याखाली ठेवलीत, दोन्ही खेळ केलेत आणि मग गाडी धरलीत. म्हणालात, त्या दिवशीसारखं काम जन्मात झालं नाही. किती वेळा सांगितलंत. हसून सांगायचात. मला वाटलं, तुम्ही ही चिठ्ठी वाचाल, घडी घालाल, डब्याखाली ठेवाल आणि मला म्हणाल, शालन, हुक लाव. आणि तसं झालं असतं तर, मॅडम, मला तुमच्या अंगाला पुन्हा हात लावता आला नसता. मी... मला ते बघायचं नव्हतं.”

खोलीत नुसता स्पीकरचा घरघराट. बाहेर प्रेक्षक यायला लागले होते, त्यांची कुजबुज त्यातून येत होती.

“असं वाटलं तुला,” बाई म्हणाल्या.

“चुकलं माझं. मी कोण ठरवणारी? माझं मेलं डोकंच—”

“नाही, नाही. ऐक.” त्या वळल्या आणि पहिल्यांदा आरसा सोडून सरळ माझ्याकडे बघितलं. “येताना टॅक्सीत मी एवढाच विचार करत होते. पावणेदोनला हातात पडली असती तर मी गेले असते का? इकडून विचार केला, तिकडून केला. खरंच सांगते, मला कळत नव्हतं. गेलेही असते, असं वाटायचं. मग मालक आठवायचा. पुन्हा वाटायचं, नाही, या वेळी गेले असते, त्या कार्डानंतर गेलेच असते.” त्यांनी कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली. “नऊ वर्षं तू माझे कपडे चढवतेस आणि उतरवतेस. नवऱ्याने पाहिलं नाही एवढं तू मला पाहिलंयस. तुला तसं वाटलं म्हणजे तसंच असणार.”

“मॅडम, नका हो असं—”

“पुरे.”

“हाफ, प्लीज,” स्पीकर म्हणाला.

त्यानंतर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. तोंड पुसलं, नव्याने रंगवलं. भुवई काढताना हात जराही कापला नाही. दुपारचा पोशाख चुरगळला होता, म्हणून मी दुसरा काढला. पाठीवर बावीस हुक होते त्याला, स्वतःचे स्वतःला लावता येण्यासारखे नव्हतेच. त्या उठल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी खालून वर एकेक हुक लावत गेले. कातडी थंडगार लागत होती. शेवटचा हुक लागला तशा त्या निघाल्या, ओठांत पहिलं वाक्य पुटपुटत, रोजच्यासारख्या.

सोमवारी दुसरी ड्रेसर येणार हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी माझी कात्री, सुया, इस्त्रीचं फडकं पिशवीत भरलं. खालून टाळ्या ऐकू आल्या. बाईंच्या पहिल्या प्रवेशाला रोज पडायच्या तेवढ्याच. त्या थांबेपर्यंत मी खोलीत उभी राहिले आणि मग कोट घालून घरी गेले.

बाई पुन्हा भेटल्या नाहीत. नाटक मोठ्या थिएटरला गेलं, दोन वर्षं चाललं, त्यांचं नाव दिव्यांत लागलं. पुढे काही वर्षांनी गेल्या, तेही मला वर्तमानपत्रातून कळलं.

आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून बरीच मोठी आहे. दोन मुली आहेत मला, दोघी लांब. फोन वाजला की अजून आधी घड्याळात बघते. आणि हल्ली, इतक्या वर्षांनी, मला रोज वाटतं की त्या गेल्या असत्या. तोंड अर्धं रंगवलेलं तसंच ठेवून, एका पायात बूट घालून, मालकाला खड्ड्यात घालून गेल्या असत्या. हे मला त्या संध्याकाळी वाटायला हवं होतं. वाटलं नव्हतं, तरी म्हणायला हवं होतं.